‘असूनही’ या एका शब्दाविषयी

विद्यार्थ्याची विद्याशाखा कळली की त्याची सगळी ओळख पटली, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. विज्ञान घेतले तो बुद्धिमान, वाणिज्य घेतले तो व्यवहारी, आणि कला शाखेकडे वळला तो गुण कमी पडले म्हणून. शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी गजबजलेल्या आमच्या इंदूरमध्ये हे समीकरण घरोघरी ऐकू येते. ते साहित्यविचारातही शिरावे, ही मात्र चिंतेची बाब आहे. पुस्तकांच्या प्रस्तावना आणि परीक्षणे चाळली तर ‘असूनही’ हा शब्द वारंवार भेटतो : अभियंता असूनही कवी, डॉक्टर असूनही हळवा. गौरवासाठी योजलेला हा शब्द वस्तुतः एका पूर्वग्रहावर शिक्कामोर्तब करतो.

या पूर्वग्रहाची परीक्षा पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. दुर्गा भागवत यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला, म्हणजेच डॉ. कमला सोहोनी, यांचाही जन्म इथलाच. थोरलीची वाट संस्कृत, समाजशास्त्र व लोकसाहित्याची; धाकटीची जीवरसायनशास्त्राची. प्रचलित समजुतीप्रमाणे एकीच्या वाट्याला भावना यावी आणि दुसरीच्या वाट्याला तर्क. त्यांचे कार्य मात्र या वाटणीला दाद देत नाही.

‘ऋतुचक्र’ हे पुस्तक घ्या. बारा महिन्यांवरील या ललितलेखांचा उल्लेख बहुधा ‘काव्यमय’ या एका विशेषणात उरकला जातो. परंतु त्यातले काव्य निरीक्षणाच्या पायावर उभे आहे. कोणते झाड केव्हा निष्पर्ण होते, पालवीचा रंग कसा पालटतो, कीटक व पक्षी केव्हा दिसू लागतात, याची नोंद लेखिका इतक्या काटेकोरपणे ठेवते की एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती आदराने वाचावी. लेखिका कला शाखेची, एवढ्यावरून आपण तिच्या शैलीकडे पाहतो आणि तिच्या शिस्तीकडे दुर्लक्ष करतो. शाखेविषयीच्या गृहीतकाने होणारी खरी हानी ही आहे. त्याने लेखकाचा अवमान होतो, त्याहूनही अधिक वाचकाचे वाचन अपुरे राहते.

कमलाबाईंना या गृहीतकाचे अधिक कठोर रूप भोगावे लागले. विज्ञान हा स्त्रियांचा प्रांत नव्हे, या समजुतीपायी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. संचालकपदी साक्षात चंद्रशेखर व्यंकट रामन होते. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेतले गेले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी संशोधन केले आणि सामान्य वाचकासाठी आहारविषयक लेखनही मराठीत केले. गंमत अशी की, ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तक लिहिले ते दुर्गाबाईंनी. एकाच अन्नाकडे दोघी बहिणींनी आपापल्या रीतीने पाहिले. आमच्या समीक्षेने मात्र एकीला वाङ्मयेतिहासात बसवले आणि दुसरीचे मराठी लेखन ‘उपयुक्त’ या खणात ठेवून दिले.

यावर कोणी म्हणेल, ‘असूनही’ऐवजी ‘म्हणूनच’ म्हणावे. वैज्ञानिक म्हणूनच लेखन नेमके झाले. हेही आम्हांला मान्य नाही. तसे असते तर दुर्गाबाईंचा नेमकेपणा कोठून आला, याचे उत्तर मिळत नाही. विद्याशाखा कामाची रीत शिकवते, आणि ती रीत लेखनात उमटते, हे खरे. पण कुतूहल, चिकाटी आणि सौंदर्यदृष्टी यांचे वाटप शाखेनुसार होत नसते.

याबाबत दिवंगत जयंत नारळीकर यांचे उदाहरण बोलके आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि हस्ताक्षर पत्नीचे होते. परीक्षकांसमोर ना खगोलशास्त्रज्ञ होता ना त्याची कीर्ती. होती ती केवळ कथा, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्या वेळी झालेल्या कौतुकातसुद्धा ‘शास्त्रज्ञ असूनही’ हा सूर होताच.

नोकरीच्या अर्जात शैक्षणिक अर्हतेचा रकाना आवश्यक असतो. आमची हयात असे अर्ज तपासण्यात गेली, म्हणून त्याचे महत्त्व आम्ही जाणतो. पद आणि वेतनश्रेणी त्यावर ठरतात. पुस्तकाची प्रत त्यावर ठरत नाही. परीक्षणकर्त्याने तो रकाना शेवटी पाहावा. आधी पुस्तक वाचावे. आणि बारावीनंतर मराठी किंवा इतिहास घेऊ म्हणणाऱ्या घरच्या मुलाला ‘गुण कमी पडले का?’ असे विचारण्यापूर्वी, त्याला त्या विषयात काय दिसले, हे विचारावे.