निर्मातीने हाती घेतलेलं दिग्दर्शन

मराठी कौटुंबिक चित्रपटाचा आढावा घेताना दिग्दर्शकांची आणि कलावंतांची नावं ओघाने येतात. निर्मात्याची आठवण होते ती पैशाच्या हिशेबापुरती. स्मिता तळवलकरांपाशी हा शिरस्ता मोडावा लागतो. दूरदर्शनवरच्या वृत्तनिवेदिका, अभिनेत्री, ‘अस्मिता चित्र’च्या निर्मात्या आणि १९९३ साली ‘सवत माझी लाडकी’च्या दिग्दर्शिका असा त्यांचा प्रवास. त्यातलं शेवटचं पाऊल आजही पुरेसं तपासलं गेलेलं नाही.

निर्मितीकडून दिग्दर्शनाकडे जाणारी वाट मराठीत नवी नव्हती. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ची निर्मिती करणाऱ्या रामदास फुटाण्यांनी पुढे ‘सर्वसाक्षी’ स्वतः दिग्दर्शित केला. त्यांना गावातली सत्ता आणि अंधश्रद्धा खुणावत होती. तळवलकरांना खुणावत होतं मध्यमवर्गीय घर.

त्यांच्या निर्मितीतल्या ‘कळत नकळत’चं (१९८९) दिग्दर्शन कांचन नायक यांचं होतं. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री येते आणि संसाराला तडा जातो. विक्रम गोखले, सविता प्रभुणे आणि अश्विनी भावे यांच्यातला हा पेच आरडाओरड न करता मांडला गेला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चार वर्षांनी दिग्दर्शन हाती घेताना तळवलकरांनी हाच पेच पुन्हा उचलला, पण त्याचा कल पार बदलून. ‘सवत माझी लाडकी’तली पत्नी रडत बसत नाही की माहेरीही जात नाही, नवऱ्याला आवडलेल्या तरुण डॉक्टरला ती घरीच राहायला आणते. संसार म्हणजे काय, हे तिला रोजच्या कामांतूनच कळू देते. नीना कुळकर्णींनी ही पत्नी हसतमुख ठेवली आणि त्या हसण्यामागचा अपमान डोळ्यांत जागा ठेवला. मोहन जोशी आणि वर्षा उसगांवकर यांची पात्रंही खलपात्रं होत नाहीत. आधीच्या चित्रपटात सोसणारी बाई इथे डाव मांडते. दिग्दर्शिका म्हणून तळवलकरांचं खरं कर्तृत्व या बदललेल्या नजरेत आहे.

मर्यादाही तिथेच दिसते. नवरा फार स्वस्तात सुटतो. घर टिकलं पाहिजे हे गृहीतच धरलेलं असल्यामुळे त्या बाईला घराबाहेरचा रस्ता चित्रपट दाखवतच नाही. संजय सूरकरांनी दिग्दर्शित केलेले तळवलकरांच्या निर्मितीतले ‘चौकट राजा’ (१९९१) आणि ‘तू तिथे मी’ (१९९८) अधिक धीट वाटतात. पहिल्यात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला गतिमंद नंदू आणि त्याची आई यांच्याकडे पाहणाऱ्या समाजाची परीक्षा होते. दुसऱ्यात मुलांच्या सोयीसाठी म्हातारपणी ताटातूट झालेलं जोडपं घराच्या पावित्र्यालाच प्रश्न विचारतं.

हा वारसा आज वेगळ्या वाटांनी पुढे चालला आहे. मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यासोबत ‘कासव’ची निर्मिती केली, त्यामागे नैराश्याबद्दलची आस्था होती, २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात दोन पुरुषांमधलं प्रेम उलगडलं आणि २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. ‘सवत माझी लाडकी’ने गृहीत धरलेलं घर इथे आतून तपासलं जातं.

घरातली गोष्ट थोड्या खर्चात होते म्हणून ती सोपी मानली जाते. तिच्यात लपायला जागा नसते. पटकथेतली एक खोटी ओळही लगेच उघडी पडते. म्हणूनच अशा चित्रपटाला एका प्रश्नाशी वर्षानुवर्षं इमान राखणारा निर्माता लागतो. तळवलकरांनी एकच प्रश्न आधी दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि मग स्वतः नव्याने विचारला. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चित्रपट केवळ गाजलेल्या गाण्यांसाठी आठवण्यापेक्षा या दोन उत्तरांतल्या फरकासाठी अभ्यासले जावेत. मराठी समीक्षेकडे हे काम बाकी आहे.