जगमंदिर व शाहजहान : एका दंतकथेची परीक्षा

उदेपूरच्या पिछोला तलावांतील जगमंदिर या बेटावर हल्लीं लग्नसमारंभ होतात. वऱ्हाड नावेंतून जातें, दगडी हत्तींची रांग पाहतें, आणि एक गोष्ट हटकून ऐकतें : बंडखोर शाहजादा खुर्रम येथें आश्रयास राहिला, येथेंच त्यास 'शाहजहान' म्हणून प्रथम पुकारिलें, व येथील घुमटावरून त्यास ताजमहालाची कल्पना सुचली. लग्नाच्या जागेस अशी कथा शोभते. पण ती इतिहास म्हणून छापली जाऊं लागल्यामुळें तिची छाननी करणें प्राप्त आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा काढून टाकावा. जगनिवास निराळा, तो दुसऱ्या जगत्सिंहानें १७४३ ते १७४६ या काळांत बांधिला. जगमंदिराचें काम कर्णसिंहाचें (१६२०-२८). तें पहिल्या जगत्सिंहानें (१६२८-५२) पुरें केलें. अर्थात् खुर्रम आला तेव्हां आजची सबंध इमारत उभी नव्हती. त्याच्या वेळचा म्हणून गुलमहाल काय तो सांगतात.

आश्रयाविषयीं माझी हरकत नाहीं. १६२२ च्या बंडानंतर मेवाडाचें वजन शाहजाद्याकडे होतें. राण्याचा भाऊ भीम त्याच्या पक्षानें लढतां लढतां १६२४ मध्यें तोंस नदीकांठीं पडला. या भीमास कथेंत जागा नाहीं!

किताबाची गोष्ट टॉडच्या ग्रंथांत (१८२९-३२) आहे. परंतु हा किताब जहांगीरानें पुत्रास दक्षिणेच्या मोहिमेनंतर १६१७ मध्येंच दिला होता, व खुद्द जहांगीराच्या आत्मवृत्तांत त्याची नोंद आहे. आधींच मिळालेलें नांव उदेपुरास 'प्रथम' कसें पुकारिलें जाईल? बादशहा म्हणून पुकारिला असा अर्थ घ्यावा, तर तोही टिकत नाहीं. १६२७ च्या अखेरीस जहांगीर वारला तेव्हां शाहजहान आपल्या जुन्नरास होता. आसफखानाचा जासूद बनारसी हा बातमी घेऊन तेथें पोंचला. पुढें गुजरातच्या वाटेनें जात असतां १६२८ च्या आरंभीं गोगुंद्यास कर्णसिंह त्यास भेटला, व नंतर तो आग्र्यास तख्तावर बसला. गोगुंद्याची ही भेटच लोकांच्या तोंडीं सरकत सरकत तलावांत येऊन पडली असावी, असा माझा तर्क आहे. टॉडसारख्या परिश्रमी लेखकानें जुन्नर नजरेआड करावें, याचें दक्षिणेकडील वाचकांस विशेष वाटेल.

ताजमहालाची गोष्ट याहून पोकळ आहे. मुमताजमहल १६३१ त बऱ्हाणपुरास वारली. कबरेचें काम १६३२ त सुरू झालें. रचनेचा पूर्वज पाहावयाचा तर दिल्लीस हुमायूनची कबर आहे; पांढऱ्या संगमरवरांत रंगीत दगड जडविण्याचें काम पाहावयाचें तर आग्र्यासच, नूरजहाननें १६२२ ते १६२८ मध्यें बांधविलेली इतिमादुद्दौल्याची कबर आहे. गुलमहाल तर पिवळ्या दगडाचा. आग्र्याची छाया उदेपुरावर पडली असें कोणी म्हटल्यास ऐकून घेतां येईल. उलट म्हणणारानें त्या काळचा कागद दाखवावा.

ज्यास समकालीन साक्षीदार आहे असा प्रसंग निराळाच आहे. जून १८५७ त नीमच येथें शिपाई उठल्यावर तेथून निसटलेल्या युरोपियन कुटुंबांस महाराणा सरूपसिंहानें याच बेटावर ठेविलें. तेव्हांचा पोलिटिकल एजंट शॉवर्स याचा ग्रंथ १८८८ त प्रसिद्ध झाला. तो स्वतःची बाजू मांडणारा असल्यानें सावधपणें वाचावा लागतो, तरी गुलमहालाच्या दंतकथेहून त्याचें मोल पुष्कळ अधिक.

ज्यांच्या संग्रहीं मेवाडकडील जुनीं दप्तरें असतील त्यांना गोगुंद्याच्या भेटीची तिथि देणारी राजस्थानी नोंद आढळल्यास तिची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी.