बसल्या बसल्या लागलेला डोळा

दिवसा झोपू नये, असं आयुर्वेद सांगतो म्हणतात. सांगतो, पण तेवढंच सांगून थांबत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय मेच्या अखेरीस नागपूरच्या मनीषनगरात बसून वाचावा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, पारा ४५च्या आसपास, खिडकीतला कूलर घरघरतोय, खालच्या रस्त्यावर दुपट्टा बांधलेला एखादाच स्कूटरवाला. अशा दुपारी त्या अध्यायातला निद्रेचा भाग जसा उलगडतो, तसा तो थंड गावात उलगडेल असं मला वाटत नाही.

अध्याय मुळात झोपेचा नाहीच. निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांपासून तो सुरू होतो, अतिस्थूल आणि अतिकृश यांच्यापाशी रेंगाळतो आणि मग म्हणतो, माणूस जाड होतो की वाळतो हे आहाराइतकंच झोपेवर ठरतं. तिथून दिवसाच्या झोपेची यादी येते. ही यादी मला फार आवडते. दिवसा कोणी झोपावं? गाऊन दमलेल्याने, अभ्यासाने शिणलेल्याने, ओझं वाहून आलेल्याने, वाट तुडवून आलेल्याने, म्हाताऱ्याने, लेकराने. चरक एवढ्यावर थांबला असता तर तो नुसता चांगला वैद्य ठरला असता. पण त्याच रांगेत तो रागावलेल्याला, शोक करणाऱ्याला आणि भ्यालेल्यालाही बसवतो. दुःखानेही माणूस हमालाइतकाच थकतो, हे त्याने काही न समजावता नुसत्या मांडणीतून सांगितलंय. इतकं कमी बोलून इतकं सांगणं थोड्यांनाच जमतं.

मग उन्हाळा. एरवी दिवसाच्या झोपेने कफ-पित्त वाढतं, म्हणून ती नको. ग्रीष्मात मात्र हवी. कारण सूर्य अंगातला ओलावा शोषतो, वायू वाढतो आणि रात्री लहान होतात. शेवटचं कारण वाचून नागपूरकराने मान डोलवावी. मेअखेरीस इथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आणि सिमेंटच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाची धग सोडत राहतात. झोप लागते न लागते तोच दूधवाला दारात. ती तूट दुपारीच भरून निघणार.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते वाक्य. रात्रीचं जागरण रूक्षता आणतं, दिवसाची झोप स्निग्धता. या दोन टोकांमध्ये चरक तिसरी गोष्ट ठेवतो: आसीनप्रचलायित, म्हणजे बसून घेतलेली डुलकी. ती रूक्षही करत नाही आणि जडपणाही आणत नाही.

हे कसं, ते आमच्या भागातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसेल. वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची खांबाला टेकवलेली असते. डोळे मिटतात, श्वास संथ होतो, हाताची मूठ सैल पडते. मान हळूहळू एका बाजूला कलते, हनुवटी छातीला लागायला येते आणि एकदम झटका बसून तो जागा होतो. झोप खोल जाऊ लागली की स्नायू ढिले पडतात, मानेला आधार उरत नाही आणि मानच त्याला उठवते. पलंगावर ही सोय नाही. तिथे अर्ध्या तासाच्या पुढे माणूस गाढ झोपेत उतरतो, मध्येच उठवलं की डोकं जड, तोंड कडू, घटकाभर काही सुचत नाही. चरकाने गाढ झोप मोजलेली नव्हती. पण बसल्या डुलकीला तिची मर्यादा बसण्यातूनच मिळते, हे त्याने पाहिलं होतं, असं मी त्या वाक्यातून वाचतो.

या वाचनाला दुजोरा फार लांबून मिळतो. १९९४च्या अहवालात नासाच्या संशोधकांनी पॅसिफिकवरून लांब उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांची नोंद दिली आहे. त्यांना पाळीपाळीने, कॉकपिटमधल्या आपापल्या खुर्चीतच, ४० मिनिटांची विश्रांती दिली होती. प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटं झाली, आणि विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा ते पुढे, विमान उतरवतानाही, जास्त सावध राहिले.

म्हणून दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, आरामखुर्चीत, विसेक मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. चारनंतर नको, रात्रीच्या झोपेतून वजा होते. ज्याला रात्री मुळातच झोप येत नाही, त्याने या वाटेला जाऊच नये. आणि भरपूर तर्रीचं सावजी जेवण जेवून ताणून देणाऱ्याला चरकाकडून सवलत नाही: रोज तेला-तुपाचं खाणाऱ्यांना आणि लठ्ठ माणसांना त्याने दिवसाची झोप साफ नाकारलीय, उन्हाळा असला तरी.

रात्रपाळी करून आलेल्याचं काय, याचं नेमकं उत्तर मात्र वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. जागरणाची सवय नसताना जागावं लागलं, तर जितकं जागला त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही काही खाण्याआधी. हिशेब इतका सरळ आहे की ड्यूटीच्या तक्त्याशेजारी लिहून ठेवता येईल.