एक संकल्पपत्र आणि त्यातील मागे राहिलेला प्रश्न

संस्थेचा इतिहास कोनशिलेपासून मोजण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः कोनशिलेच्या पूर्वी एखादा कागद लिहिला गेलेला असतो आणि संस्थेचे पुढील गुणदोष पुष्कळदा त्या कागदातच बीजरूपाने आढळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बाबतीत असा कागद म्हणजे डॉ. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेले पत्र होय. या पत्राचा उल्लेख नेहमी गौरवाने होतो व तो योग्यच आहे. परंतु एक युक्तिवाद म्हणून ते कितपत भक्कम आहे, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पत्रलेखकाचे वय त्या वेळी चौतीस वर्षांचे होते. १९३९ मध्ये केंब्रिजहून सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे भारतातच राहिले, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करू लागले आणि १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच परदेशातील एखाद्या विद्यापीठात जाणे त्यांना सहज शक्य होते. ‘योग्य साहाय्य मिळाले तर येथेच राहून काम उभारीन’ असे सांगणारा मनुष्य हे पत्र लिहीत आहे, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावयास हवी. पत्राला लाभलेले वजन काही अंशी या निवडीतून आलेले आहे.

पत्रातील युक्तिवाद थोडक्यात असा. पदार्थविज्ञानाच्या मूलभूत प्रश्नांवर, सैद्धांतिक व प्रायोगिक अशा दोन्ही अंगांनी, काम करणारे मोठे केंद्र हिंदुस्थानात नाही. समर्थ संशोधक आहेत, पण ते देशभर विखुरलेले आहेत. त्यांना योग्य मार्गदर्शनाखाली एकत्र आणले तर त्यांच्या हातून अधिक चांगले काम होईल. असे केंद्र उपयोजित संशोधनालाही दर्जाचा मापदंड पुरवील. शेवटी, सुमारे दोन दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला बाहेर पाहावे लागणार नाही.

या शेवटच्या विधानाची दूरदृष्टी निर्विवाद आहे. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता. पुढे ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६९ मध्ये तारापूरची वीज मिळू लागली. तारापूरच्या अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने उभारलेल्या होत्या, हे खरे. तथापि त्या चालविण्यास लागणारी माणसे येथे तयार झालेली होती आणि पत्रातील आश्वासन माणसांविषयीचेच होते.

आता पत्राच्या मर्मस्थानाकडे वळू. भाभांना जे उभारावयाचे होते त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे ‘स्कूल’. या इंग्रजी शब्दात आपल्या भाषेतील दोन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या आहेत : एक घराणे आणि दुसरी शाळा. संगीतातील घराण्याप्रमाणे एका दृष्टीच्या व एका शिस्तीच्या साधकांचा समुदाय हा पहिला अर्थ. नवागताला पहिले धडे मिळण्याची जागा हा दुसरा. पत्राचा सारा भर पहिल्या अर्थावर आहे. जे तयार आहेत त्यांना एकत्र कसे आणावे, याचे उत्तर त्यात आहे. ते तयार कोठे होतात व पुढेही होत राहावेत म्हणून काय करावे, हा प्रश्न युक्तिवादाच्या केंद्रस्थानी येत नाही. ज्या केंब्रिजमध्ये भाभांची घडण झाली तेथे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालत होती. कॅव्हेंडिश ही जगविख्यात प्रयोगशाळा विद्यापीठाचाच एक विभाग होती. आदर्श विद्यापीठातून घ्यावा आणि त्याची स्थापना मात्र विद्यापीठाबाहेर व्हावी, ही या संकल्पातील विसंगती होय.

तिचे एक कारण उघड आहे. त्या काळातील आपली विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेणारी होती आणि नियुक्त्या, अनुदाने व समित्या यांच्या जाळ्यात मूलभूत संशोधन गुदमरले असते, अशी भीती वाटणे अस्वाभाविक नव्हते. संस्थेचे काम १ जून १९४५ रोजी बंगलोरला सुरू झाले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात तिचे उद्‌घाटन झाले आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या वास्तूचे. ही गती त्या काळी विद्यापीठात क्वचितच साधली असती. परंतु दुसरा मार्ग मुळीच नव्हता असेही नाही. मेघनाद साहा यांनी कलकत्ता विद्यापीठाशी जोडूनच अणुकेंद्रीय भौतिकीची संस्था उभारली आणि १९५० मध्ये तिचे उद्‌घाटन झाले.

या आक्षेपाची जाणीव भाभांना नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी १९६६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, मुंबईत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी नेमका हाच धोका दाखविला होता. राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी विद्यापीठांतील अनुभवी माणसे उचलली की विद्यापीठे दुबळी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपली पद्धती वेगळी आहे, आपण तरुण माणसे घेऊन संस्थेतच वाढवितो, हा त्यांचा खुलासा. तो प्रामाणिक आहे, पण पुरेसा नाही. तरुण माणसेसुद्धा कोणत्या तरी महाविद्यालयाच्या वर्गातूनच येतात. विहिरीतून पाणी घेणाऱ्याने विहिरीतील पाणी दूषित केले नाही, एवढ्याने तिच्या झऱ्यांची काळजी घेतली असे ठरत नाही.

धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पदापेक्षा माणूस पाहण्याच्या भाभांच्या धोरणामुळे, पूर्वी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारा हा विद्वान संस्थेच्या आरंभकाळातच तेथे आला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ ही कोसंबींची कामे त्याच काळातील. गणिताच्या प्राध्यापकाला एवढी मोकळीक देणारी संस्था विरळाच! परंतु तेथे इतिहासाचा वा संस्कृतचा वर्ग नव्हता. ग्रंथ झाले, पण त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची पिढी तयार होण्याची सोय झाली नाही. १९६२ मध्ये त्यांची मुदत पुढे वाढविली गेली नाही, तेव्हा संस्थेतील तो अध्याय तेथेच संपला. माणसाभोवती उभारलेल्या रचनेचे बळ आणि तिची मर्यादा येथे एकत्रच दिसतात.

पुढील घटना या मागे राहिलेल्या प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचता येतात. १९७४ मध्ये याच संस्थेने विज्ञानशिक्षणासाठी होमी भाभा केंद्र काढले. २००२ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे, १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका हे आंतर-विद्यापीठ केंद्र स्थापिले. त्याचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर कुलाब्याच्या संस्थेत अनेक वर्षे काम केलेले होते. विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना उत्तम ग्रंथालय, उपकरणे आणि सहवास लाभावा, हे आयुकाच्या स्थापनेचे मूळ प्रयोजनच आहे. १९४४ च्या पत्रात जे गौण होते ते चव्वेचाळीस वर्षांनी प्रमुख झाले.

एवढ्यावरून ते पत्र फसले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याने जे मागितले ते मिळविले आणि जे कबूल केले ते बहुतांशी करून दाखविले. आक्षेप आहे तो त्याने काय मागितले नाही, याविषयी. आजही नव्या राष्ट्रीय संस्थांचे आराखडे तयार होत असतात. त्यांतील इमारतींचे व अधिछात्रवृत्त्यांचे आकडे तपासून झाल्यावर या विभागातील वाचकांनी आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी : या संस्थेतील श्रेष्ठ संशोधक दहाव्या वर्षी बी.एस्‌सी.च्या कोणत्या वर्गात उभा असेल? आराखड्यात याचे उत्तर नसेल, तर १९४४ च्या पत्रातील उणीव आपण पुन्हा एकदा लिहून काढली, असे समजावे.