घेणं, ठेवणं, फेकणं : मानण्याच्या शब्दांची झडती

इंग्रजीत मानण्याचे आणि कल्पना करण्याचे शब्द पुष्कळ आहेत. अझ्यूम, प्रिझ्यूम, सपोज, कंजेक्चर, इमॅजिन. आपण भाषांतराला बसलो की यातल्या निम्म्या शब्दांपुढे डोळे मिटून 'गृहीत धरणे' लिहून मोकळे होतो. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. मराठीत शब्द कमी म्हणून हे होतं असं नाही. आहेत ते शब्द आपण उघडून बघत नाही, म्हणून होतं.

आधी मुळं बघू. अझ्यूमच्या पोटात लॅटिनमधलं 'सुमेरे' आहे, म्हणजे घेणं. पुरावा न मागता आपल्याकडे घेतलं, ते अझ्यूम. आता आपलं 'गृहीत' बघा. संस्कृत 'ग्रह्' म्हणजे घेणं, पकडणं. गृहीत म्हणजे घेतलेलं. दोन्ही भाषांत चित्र एकच. प्रिझ्यूममध्येही तेच 'सुमेरे' आहे, फक्त पुढे 'अगोदर' हा अर्थ जोडलेला. सपोज आणि ग्रीकमधून आलेलं हायपॉथिसिस, दोन्हींत 'खाली ठेवणं' आहे. वर काही उभं करायचं म्हणून पायात दगड ठेवावा, तसं. आपण गणितात 'समजा' म्हणतो ते हेच काम करतं.

कंजेक्चर म्हणजे मुळात एकत्र फेकणं. हे विचित्र वाटेल, पण आपला 'अंदाज' आठवा. शब्द फारसी. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, त्याचंच रूप अंदाज. तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. दूरच्या गोष्टीवर नजर फेकायची, लागली तर लागली! मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात शब्दापुढे मूळ भाषेची खूण दिलेली असते. आपण अर्थ पाहतो आणि ती खूण ओलांडून पुढे जातो.

अनुमान मात्र फेकणं नाही. 'मा' म्हणजे मोजणं, 'अनु' म्हणजे मागून. न्यायशास्त्रातलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे: डोंगरावर धूर दिसला, तेव्हा आग असणार. इथे धूर दिसलेला आहे, आणि धूर असतो तिथे आग असते हे आधी माहीत आहे. अंदाजाला एवढा आधार लागत नाही.

आता हे शब्द कुठे नडतात ते बघू. पहिलं उदाहरण तुमच्याच गावचं. खंडेश्वराच्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. ही त्या बांधणीची ओळख म्हणून ठीक. पण हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. अंबरनाथचं देऊळ शिलालेखाप्रमाणे १०६०चं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. शैलीचं नाव हाच बांधणाऱ्याचा पुरावा मानला, तर ते अनुमान होत नाही. ते नुसतं घेतलेलं आहे.

दुसरं उदाहरण विद्यापीठातलं. प्रबंधात 'गृहीतके' असा मथळा असतो. कधी त्याखाली तपासायची विधानं असतात, कधी न तपासता स्वीकारलेली. पहिल्यासाठी 'परिकल्पना' हा शब्द आहे. तो वापरला नाही की जे सिद्ध करायचं तेच आधी घेतलं जातं, आणि शेवटी निष्कर्ष म्हणून परत येतं. भूमितीत आपण शाळेतच 'पक्ष' आणि 'साध्य' वेगळे लिहायला शिकलो होतो. मोठं झाल्यावर ते का विसरतो?

तिसरं कायद्याचं. १८७२च्या पुरावा कायद्यात प्रिझ्यूमच्या पायऱ्या केल्या होत्या: न्यायालय गृहीत धरू शकेल, किंवा धरीलच, पण उलट सिद्ध होईपर्यंत. सात वर्षं ज्याची जवळच्यांना काहीच खबर नाही, तो जिवंत आहे म्हणणाऱ्यावर पुराव्याचं ओझं येतं. या गृहीताला परतीचं दार ठेवलेलं आहे. नुसत्या 'गृहीत धरले' या दोन शब्दांत ते दार दिसत नाही.

चौथं शेताचं. खरीप हंगामात आधी 'नजरअंदाज पैसेवारी' जाहीर होते, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर सवलती ठरतात. नजरअंदाज म्हणजे नजरेनं बांधलेला अंदाज. हाच शब्द हिंदीत मात्र दुर्लक्ष करणं या अर्थी चालतो. तिथे नजरेतून फेकून देणं आहे. शब्दाचे हे दोन्ही अर्थ सोयाबीनवाल्याला एकाच हंगामात भेटू शकतात. अंदाजाला विरोध नाही. पहिली पाहणी नजरेचीच असणार. पण बोलताना 'पैसेवारी इतकी आहे' असं म्हटलं, की फेकलेली नजर मोजलेल्या मापासारखी ऐकू येते. 'नजरअंदाज' हा शब्द गाळू नका, एवढंच.

शेवटी कल्पना. इमॅजिनच्या मुळाशी प्रतिमा आहे, म्हणजे बघणं. आपल्या कल्पनेच्या मुळाशी 'क्लृप्' आहे, म्हणजे जुळवणं, रचणं. आणि आपले समीक्षक 'काल्पनिक' हा शब्द 'खोटं' या अर्थी वापरतात! रचलेलं म्हणजे खोटं नव्हे. उलट कवी जास्त प्रामाणिक असतो. उत्प्रेक्षेत तो 'जणू', 'गमे', 'भासे' असं सांगून कल्पना करतो. आपला वऱ्हाडी माणूसही 'मले वाटलं तू येशीन' म्हणतो, तेव्हा हे माझं वाटणं आहे हे सांगूनच बोलतो. अहवाल लिहिणारा ते 'मले वाटलं' काढून टाकतो आणि वाक्याला एकदम अधिकार चढतो.

म्हणून वाचताना एवढं विचारा: हे घेतलंय, खाली ठेवलंय, फेकलंय, मोजलंय की रचलंय? पाचही कामं आवश्यक आहेत. पण एकाच्या जागी दुसरं खपवलं, तर किंमत कोणीतरी तिसराच मोजतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.