सातबाऱ्याबाहेरची नदी

पारनेरच्या सेनापती बापटांनी लढवलेल्या मुळशी सत्याग्रहाची (१९२१) घोषणा होती 'जान किंवा जमीन'. तेव्हापासून आपले धरणविषयक लेखन बहुधा जमिनीभोवतीच फिरते. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही त्यातली सर्वांत दमदार कादंबरी. माणसाची ससेहोलपट सरकारी दफ्तरातून कशी घडते, हे तिच्याइतके आतून क्वचितच कोणी दाखवले असेल. पण नेवासे-शेवगावच्या गोदाकाठाला तिचे माप पुरत नाही. १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले. नाथसागराचे पाणी प्रवरासंगमाकडे चढत गेले, तेव्हा सातबाऱ्यावर कधीच न आलेले पुष्कळ काही बुडाले: भोयांचे ओळखीचे उतार आणि डोह, उन्हाळ्यात वाळवंटात पिकणारी टरबुजे. त्यांचा पंचनामा कोण करणार?

शिवाय कादंबरीतले गाव उठते ते एकदाच. इथली जमीन मात्र पाणी ओसरले की पुन्हा उघडी पडते. तिला 'गाळपेर' म्हणतात. (शब्द किती निरागस!) कालचा मालक आपलेच शेत पाटबंधारे खात्याकडून तात्पुरत्या भाडेपट्ट्याने मागतो. मराठी कादंबरीत हा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. पाणी लवकर चढले तर त्याचे उभे पीक जाते, आणि पुढच्या हंगामाला अर्ज नव्याने.