मेंढ्याची ‘गोष्ट’ आणि मेंढ्याचा हिशेब

श्री. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक २०१२ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्याचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते यथायोग्यच होते. परंतु हे कौतुक नेमके कशाचे झाले, याविषयी आमची थोडी तक्रार आहे. ती ग्रंथकाराविरुद्ध कमी आणि वाचकवर्गाविरुद्ध अधिक आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा, आणि अभ्यासगटात प्रश्नाचा कीस काढल्यावाचून तो ग्रामसभेत रेटावयाचा नाही, अशी येथील रीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या चळवळीशी कायमची जोडली गेली आहेत. अशा विषयावर लिहिताना भाबडेपणाचा मोह पडतो, श्री. बोकिलांची साधी भाषा त्यांस त्यापासून बरीच दूर ठेवते.

तथापि ‘गोष्ट’ हा शब्द आम्हांस खटकतो. गोष्ट म्हटली की नायक आला, नायकाचे सद्गुण आले आणि अखेरीस सद्गुणांचे फळही आले. मग शहरातील वाचक म्हणतो, ‘केवढे गुणी गाव! म्हणूनच त्यास जंगल मिळाले.’ हा अर्थ आमच्या मते घातक आहे. २००९ साली मेंढ्याचा सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला, तो काही सद्वर्तनाचे बक्षीस म्हणून नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे; हक्क आधीचाच होता, सरकारने तो केवळ मान्य केला. न्यूझीलंडात १८४० साली इंग्रजांनी माओरींशी वैतांगीचा तह केला, आणि तेथील दावे आजही त्या कागदावर उभे राहतात. मेंढ्याच्या गोंडांपाशी असा तहनामा नाही; निस्ताराची पिढीजात वहिवाट हीच त्यांची सनद. दारू न सोडलेले, सभेत हातघाईवर येणारे गावही अशा सनदेस तितकेच पात्र असते.

खरी कसोटी लागली ती हक्क मिळाल्यानंतर. १९२७ च्या वन अधिनियमाने बांबूस वृक्षांत गणले होते. (वनस्पतिशास्त्र त्यास गवत मानते, कायद्याच्या व्याख्येतून तो गळावयास २०१७ साल उजाडावे लागले.) वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घातला, तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. म्हणजे बांबू गावाचा, पण तो वेशीबाहेर न्यावयाचा तर मर्जी दुसऱ्याची! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या चिटोऱ्यांच्या पुस्तकाचे वजन हक्कपत्राहून आम्ही तिळभरही कमी मानीत नाही. त्यावाचून गावास जमीन होती, खजिना नव्हता.

येथे अनुदान आणि उत्पन्न यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींस २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट देण्याचे राज्याने ठरविले. तो उपयुक्त आहे, परंतु तो वरून येतो, आणि वरून आलेल्या पैशाचा जाब वरच द्यावा लागतो. बांबूच्या पैशाचा जाब शेजाऱ्यास द्यावा लागतो. आम्ही रहाटणीकर याबाबतीत मेंढेकरांपेक्षा दरिद्री आहोत. आमचेही एकेकाळचे शेतीचे गाव आज महानगरपालिकेत विरून गेले आहे. घरपट्टी आम्ही बिनचूक भरतो, परंतु तिचे पुढे काय झाले हे सर्वांनी मिळून विचारावे अशी सभाच आम्हांस उरलेली नाही.

यास्तव श्री. बोकिलांकडे आमचे मागणे आहे ते दुसऱ्या पुस्तकाचे. २०१३ साली गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली ग्रामदानाचा निर्णय केला. ती हकिकत २०१२ च्या ग्रंथात असणे शक्यच नव्हते. नव्या पुस्तकात बांबू किती तोडला, कोणत्या भावाने गेला, मजुरी किती पडली, शिल्लक कोणी सांभाळली, हे यावे. पैशावरून सभेत भांडणे झाली असतील तर तीही यावीत. गावाने आपली वही विश्वासाने पुढे करावी असा दुसरा मराठी लेखक आमच्या डोळ्यांपुढे नाही.